ग्यानबाच्या दोन हाका

भुतं रात्रीच येतात असं तुम्हाला कुणी सांगितलं?

ही गोष्ट भरदुपारची आहे. डोक्यावर लख्ख ऊन, चुलाणावर हळदीची कढई रटरटतेय, हाकेच्या अंतरावर माणसं जेवायला बसलीत… अशा वेळची.

आणि ती खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण मनातल्या मनात हसू नका. मला ती सांगणारे प्रेमानंद सर शाळेत विज्ञान शिकवतात. अमावस्येचा मुहूर्त धरून मोटारसायकल आणलेला माणूस. भुताखेताचं नाव काढलं की पोरांची फिरकी घेणारा. हे सांगताना तो मध्येच थांबला, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायला आणि मग दाराकडे बघत बसला.

गोष्ट त्यांच्या आईची. चांगुणाबाईची.

गाव कुरुंदा, तालुका वसमत. साल पंच्याण्णव. हिंगोली तेव्हा वेगळा जिल्हा झाला नव्हता, सगळा कारभार परभणीला. हळद शिजवायचे दिवस. सगळ्या शिवाराला त्या वाफेचा वास.

चांगुणाबाई आणि तिचा नवरा जळबा यांचं रान कालव्याला लागून होतं. सिद्धेश्वरच्या धरणाचा कालवा. पाण्याची पाळी सुटली की काठोकाठ भरून धावायचा. दोन्ही बाजूंना सिमेंटचा उतार, त्यावर हिरवंगार शेवाळ. रानाच्या खालच्या अंगाला रस्त्याचा पूल. तिथं कालव्याचं सगळं पाणी एका बोगद्यात शिरायचं आणि ओढ्याच्या खालून पलीकडं निघायचं. त्याला सगळे सायफन म्हणत. त्यात गेलेलं जनावर जिवंत बाहेर आल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

हा कालवा लक्षात ठेवा.

आता पाहुण्याकडं येऊ.

प्रेमानंद तेव्हा कॉलेजात होता. पूर्णेहून येताना मीटरगेजच्या गाडीत त्याला एक गोरा पोरगा भेटला. पाठीवर गोणीएवढी सॅक, नाकाची सालपटं निघालेली, दाढी कोवळी. एकटाच देश बघत फिरत होता आणि राजस्थानला निघाला होता. वसमतच्या फलाटावर हमालांचे पिवळेधमक हात बघून त्यानं विचारलं, हे काय?

प्रेमानंदला इंग्रजी बोलायची भारी हौस. पण हळदीला इंग्रजीत काय म्हणतात ते काही केल्या आठवेना. शेवटी तो म्हणाला, चल, दाखवतोच.

म्हणून तो उतरला. बस, एवढंच कारण. तो एक शब्द तेव्हा आठवला असता, तर आज तो पोरगा आपल्या देशात बायकापोरांत असता. प्रेमानंद सर हे वाक्य इतक्या सहज बोलले, की त्यांनी ते मनाशी किती वेळा म्हटलं असेल ते मला कळलं.

पोराचं नाव होतं यान. देश हॉलंड.

"हॉलंड मंजे कुठं आलं? नागपूरच्या पल्याड?" जळबानं विचारलं.

"लय पल्याड, बाबा."

"अन् नाव काय मनलास? यान? मंजे ग्यानबाच की!"

झालं. त्या क्षणापासून तो ग्यानबा.

घरात शिरताच त्याला भिंतीवर बुद्धाची तसबीर दिसली. त्यानं सॅक खाली ठेवून हात जोडले. चांगुणाबाई तिथंच विरघळली. "लेकरू वळणाचं हाय," म्हणाली. पण पुढच्याच घटकेला तिनं त्याला उंबऱ्यात अडवलं. "आधी हातपाय धू. भाईरून आलं की हातपाय, मंग भाकर."

हे त्यानं असं मनावर घेतलं, की हातपाय धुतल्याशिवाय तो पाण्याच्या पेल्यालाही शिवेना. रानातसुद्धा जेवणाआधी कालव्यावर जायचा. कुठल्या पायरीवर बसायचं ते चांगुणाबाईनंच त्याला दाखवलं होतं.

एक रात्र राहायला आलेला पोरगा आठेक दिवस राहिला. कढईखाली पऱ्हाट्या सारायला शिकला. कोपरापर्यंत पिवळा झाला. जळबानं त्याला ठेचा खाऊ घातला, तेव्हा त्याचे कान लाल झाले आणि जळबा हसून हसून लोळायचा बाकी राहिला. प्रेमानंदच्या पाठीवर दुसरं भावंड नव्हतं. चांगुणाबाईला दोन लेकरं झाल्यासारखं वाटायला लागलं. प्रेमानंद तिला माय म्हणतो ते ऐकून हाही म्हणायला लागला. 'माय' म्हणताना तो शेवटी सूर लांबवायचा, आणि तिला ते फार आवडायचं.

आणि हाकांचं ऐका.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गावातून फिरून आला आणि दारातून त्यानं हाक मारली. "माय…"

चांगुणाबाई आत होती. उत्तर नाही.

"माय…"

तरी नाही.

तिसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा कुठं तिनं आतून ओ दिली. पोरगं गोंधळून गेलं. आपलं काही चुकलं का?

चांगुणाबाईनं सांगितलं आणि प्रेमानंदनं कपाळाला आठ्या घालत इंग्रजीत केलं. भरदुपारी किंवा दिवेलागणीला हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. माणूस असेल तर तिसरी हाक मारतंच. ते दुसरं जे असतं, त्याला दोनच हाका मारता येतात. आणि ते नेहमी ओळखीच्या आवाजात हाक मारतं. गावाला गेलेल्या, लांब असलेल्या माणसाच्या आवाजात. ओ दिली की संपलं.

"माय, बुद्धाच्या इहारात पुढं बसतीस अन् हे काय घेऊन बसलीस?" प्रेमानंद चिडला. "हे समदं सोडा मनून सांगितलंय ना आपल्याला?"

"समदं सोडलं रे. एवढं एक ऱ्हायलं," ती म्हणाली. "माझ्या मायनं दिलेलं हाय."

यानला मात्र भलतीच मजा वाटली. मग तो दर वेळी दाराबाहेर उभा राहून तीन बोटं वर करायचा आणि मोजून तीन हाका मारायचा. माय… माय… माय. तिसरीला चांगुणाबाई "ओऽऽ" म्हणायची आणि दोघं हसायची. घरादाराला तो खेळच होऊन बसला.

निघायच्या आदल्या दिवशी त्यानं आणखी एक वेडेपणा केला. चांगुणाबाई ओल्या वाफ्यातून अनवाणी गेली, तिचं पाऊल उमटलं. त्यानं खिशातून सुतळी काढली, त्या पावलावर लांब धरली, टाचेपाशी एक गाठ मारली आणि अंगठ्यापाशी एक. सुतळी गुंडाळून परत खिशात.

"काहून रे? माझं पाऊल घेऊन काय करतूस?" तिनं विचारलं.

तो नुसता हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. चांगुणाबाईनं त्याच्या तळहातावर दही ठेवलं. भाकरी, बेसन आणि हळकुंडांची पुरचुंडी बांधून दिली. तिनं डोळ्याला पदर लावला, पण फार नाही. लेकरू पुढच्या वाटेला लागलंय, रडून अपशकुन कशाला करायचा. प्रेमानंद त्याला वसमतच्या स्टेशनावर सोडून परस्पर कॉलेजला गेला.

त्याच दिवशीची दुपार.

जळबा बारदाना आणायला गावात गेला होता. मजूर बाया लांब लिंबाखाली भाकरी सोडून बसल्या होत्या. कढईपाशी चांगुणाबाई एकटी. बाजूला दोराचं भेंडोळं पडलेलं. कालव्याला पाळी सुटलेली. भरून चाललेला.

आणि एकाएकी शांत झालं.

कढई रटरटत होती, ती गप्प झाल्यासारखी वाटली. पाखरांचा आवाज नाही. बायांच्या बोलण्याचा नाही…

"माय…"

वरच्या अंगानं, कालव्याकडून.

चांगुणाबाई अर्धी उठली. आवाज त्याचाच. शेवटी सूर लांबवलेला.

पण तो तर सकाळीच गेला! तिनंच दही दिलं होतं. एव्हाना त्याची गाडी हिंगोलीच्या पुढं गेली असणार. मग ही हाक कुणाची?

तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

"माय…!"

आता खालच्या अंगाला. पुलाजवळ. एवढ्या लवकर इतक्या लांब? पायांनी चालणारं माणूस असं येत नाही…

तिनं दोराचं भेंडोळं मुठीत आवळून धरलं. डोळे मिटले. तोंडातल्या तोंडात म्हणत राहिली, "तिसरी मार. माझ्या बापा, तिसरी मार, मंग येते."

तिसरी हाक आली नाही.

हळूहळू कढईचा आवाज पुन्हा ऐकू यायला लागला. लिंबाखाली कुणीतरी बाई हसली. चांगुणाबाईनं मडक्यातलं पाणी घेतलं आणि छातीवर हात ठेवून म्हणाली, "सुटले गं बाई."

तो एक शब्द तिला पुढं जन्मभर खात राहिला.

संध्याकाळी कालव्याच्या काठावर सॅक सापडली. शेजारी बूट, नीट जोडून ठेवलेले. मोजे बुटात खोचलेले. हातपाय धुवायला तो पायरीवर उतरला होता. शेवाळावरून घसरला. पोहायला येत होतं त्याला, त्याच्या देशात म्हणे कालवेच कालवे. पण त्या गुळगुळीत उतारावर धरायला काही नव्हतं. पाणी त्याला ओढत रानाच्या कडेनं घेऊन गेलं. जाताना त्यानं एक हाक वरच्या अंगाला मारली आणि एक पुलाजवळ. पुढं सायफन होता.

त्याला तिसरी मारायची होती. तीनच मारायच्या असतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

प्रेत खालच्या गेटला सापडलं. पोलीस आले. मग दिल्लीहून त्याच्या देशाची माणसं आली. सॅक घेऊन गेली, त्यालाही घेऊन गेली. पोलिसांनी सगळ्यांना विचारलं, कुणी काही ऐकलं का?

चांगुणाबाई म्हणाली, "न्हाई."

जळबालाही तिनं सांगितलं नाही. तो परत का आला असेल, या एका प्रश्नावर सगळं गाव बोलत होतं. काही विसरला असेल? गाडी चुकली असेल? चांगुणाबाई कुठल्याच बोलण्यात नसायची.

वर्ष गेलं. पुन्हा हळद निघाली, पुन्हा कढई चढली. कालव्याला पाळी सुटली.

दुपारी चांगुणाबाई कढईपाशी होती. यंदा जळबाही होता, पलीकडं बसून विडी ओढत.

पाखरं गप्प झाली…

"माय…"

वरच्या अंगानं.

तिनं जळबाकडं पाहिलं. तो विडीच ओढत होता. पण बैलानं खाणं थांबवून कान टवकारले होते. कालव्याकडं.

"माय…!"

पुलाजवळून. आणि मग काहीच नाही.

ती तोंडात पदर कोंबून बसून राहिली. संध्याकाळी कालव्याच्या कडेनं घरी निघाली, तेव्हा तिला ओल्या मातीत तिचंच सकाळचं पाऊल दिसलं. त्या पावलाला लागून, टाचेपासून अंगठ्यापर्यंत, एक बारीक रेघ उठली होती. पिळाची. सुतळी दाबून धरल्यासारखी…

तिनं तळहातानं ते पुसून टाकलं.

मग दरवर्षी असंच. पहिली हाक वरून, दुसरी पुलाजवळून. कधी पाळीच्या पहिल्या दिवशी, कधी शेवटच्या. जळबा म्हणायचा, तू हल्ली दुपारची अशी पांढरीफटक काहून पडतीस, रानात येत जाऊ नको. ती ऐकायची नाही. जायचीच. आणि ओ द्यायची हिंमतही व्हायची नाही. ओ दिली की संपलं, हे तिच्या मायनं सांगितलेलं होतं, आणि मरणाचं भय कुणाला चुकलंय? भीती एकीकडं, माया एकीकडं. मध्ये ती बाई वर्षानुवर्षं उभी.

प्रेमानंद शिकला, मास्तर झाला, त्याचं लग्न झालं. सून शीतल घरात आली. जिल्हाही नवा झाला.

आणि दोन हजार तीन साली, हळदीच्याच दिवसांत, एक गोरी बाई गावात उतरली.

साठीची असेल. केस पांढरे, आखूड कापलेले. पाठीवर सॅक. शाळेत येऊन तिनं प्रेमानंदचं नाव विचारलं. पोलिसांच्या कागदात तिला ते सापडलं होतं. तिचं नाव योहाना.

ती यानची आई.

घरी आणल्यावर ती उंबऱ्यात थांबली आणि खुणेनं पाणी मागितलं. हातपाय धुतले, मग आत आली. प्रेमानंदनं विचारलं, हे कुठं शिकलात? ती म्हणाली, यानच्या शेवटच्या फोनमध्ये. वसमतहून केला होता. म्हणाला होता, इथल्या आईनं मला हातपाय धुवायला शिकवलंय.

चांगुणाबाईनं भिंतीचा आधार घेतला.

योहाना हळूहळू बोलत होती आणि प्रेमानंद सांगत होता. पोराची सॅक आली ती इतकी वर्षं उघडायची हिंमत झाली नाही. यंदा उघडली. कपडे होते, हळद होती. आणि हे होतं. हे कुणाचं, एवढंच विचारायला मी आलेय.

तिनं मराठी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं काढलं. कागद पिवळा पडला होता.

आत बाईच्या चपला होत्या. कोऱ्या. आणि एका चपलेत सुतळी, दोन गाठींची.

प्रेमानंदला ती सुतळी ठाऊक नव्हती. चांगुणाबाईला होती.

गाडी चुकली नव्हती तर. त्यानं ती सोडली होती. वसमतच्या बाजारात जाऊन चपला घेतल्या आणि तिच्या भेगाळलेल्या पायांसाठी तो परत आला. रानात येऊन तीन हाका मारणार होता…

"माझ्या हायेत," ती म्हणाली. आणि तिनं हंबरडा फोडला. आठ वर्षांत ती अशी रडली नव्हती.

योहानाला भाषांतर लागलं नाही. ती गुडघ्यावर बसली आणि तिनं स्वतःच्या हातानं चांगुणाबाईच्या पायांत त्या चपला सारल्या. बरोबर बसल्या.

मग ती म्हणाली, मला ती जागा बघायचीय.

"आत्ता नगं," चांगुणाबाई घाबरून म्हणाली. "ऊन उतरू द्या."

पण योहानाला संध्याकाळच्या गाडीनं परतायचं होतं. तिघं निघाले. कालव्याला पाळी सुटलेली होती. कढईवर जळबा होता, तो उठून हात जोडून उभा राहिला. प्रेमानंदनं पायरी दाखवली. योहाना तिथं नुसती उभी राहिली. मग तिनं विचारलं आणि प्रेमानंदनं आईला सांगितलं:

"माय, त्या इचारून राहिल्या, त्यानं कुणाला हाक मारली असंल का? कुणी ऐकलं असंल का?"

चांगुणाबाईनं तोंड उघडलं.

आणि पाखरं गप्प झाली…

"माय…"

प्रेमानंद सर इथं थांबले होते. मला म्हणाले, मी ऐकलं. पाळी सुटली की आई दुपारची पांढरीफटक पडते, त्याला आठ वर्षं मी वेड समजत होतो, आणि आता मीच ऐकलं. कानाशी बोलावं इतकं स्पष्ट.

योहानाचा चेहरा कागदासारखा झाला. "यान?" ती म्हणाली. आईला आवाज सांगावा लागत नाही.

पाण्यावर काही नव्हतं. नुसतं पाणी धावत होतं.

चांगुणाबाईनं कढईकडं बघितलं. दोराचं भेंडोळं तिथंच होतं, दरवर्षी असायचं तसं. ती धावली. पन्नाशी उलटलेली बाई, नव्या चपला पायात, दोर उचलून पुलाकडं धावत सुटली. मागून योहाना.

"माय…!"

"ओऽऽ!" चांगुणाबाई ओरडली. सगळ्या शिवाराला ऐकू गेलं. "ओ रे माझ्या लेकरा! आले! आले मी, धर! धर हे!"

तिनं दोर पाण्यात फेकला.

दोर वाहत गेला… आणि ताणला गेला.

प्रेमानंद आणि जळबानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. दोर ताठ झाला. पाण्यात काही नाही, तरी ताठ. चांगुणाबाई ओढत होती. योहानानं मागून तोच दोर धरला. दोघी आया पाय रोवून ओढत होत्या, एक रडत होती आणि एक तिच्या भाषेत काहीतरी सारखं सारखं म्हणत होती. हाताची सालं निघाली. दोर इंच इंच वर येत होता…

आणि सैल पडला.

दोघी मागं कोसळल्या. दोर बाहेर आला, रिकामा.

तो योहानानं आधी बघितला. तिनं टोक सगळ्यांपुढं धरलं. फेकलेला दोर सगळा भिजून चिंब झाला होता. फक्त टोकाजवळ दोन ठिकाणी, मूठभर मूठभर, कोरडा ठणठणीत होता.

दोन मुठींएवढा.

मग चांगुणाबाईनं सांगितलं. सगळं. त्या दिवशी मी ऐकलं व्हतं. दोन हाका. दोर माझ्या हातात व्हता. मी तिसरीची वाट बघत बसले. प्रेमानंदला ते इंग्रजीत करावं लागलं. मला म्हणाले, आयुष्यात तेवढं अवघड भाषांतर मी केलं नाही.

योहानानं ऐकून घेतलं. ती चांगुणाबाईकडं पाठ करून कालव्याकडं तोंड करून बसली. ऊन कलेपर्यंत तशीच. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि ते म्हणायला तिला कुणी सांगूही शकत नव्हतं. पण दोराचं एक टोक तिच्या मुठीत होतं आणि दुसरं चांगुणाबाईच्या. ते तिनं सोडलं नाही.

गाडीत बसताना तिनं चांगुणाबाईचे पिवळे हात हातात घेतले, आपल्या तोंडावरून फिरवले आणि गेली.

त्यानंतर हाक आली नाही.

पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. तुम्ही म्हणाल, बरं झालं, सुटला. चांगुणाबाईला तसं वाटलं नाही. ती पाळीच्या दिवसांत रोज दुपारी पुलावर जाऊन बसायची, दोर मांडीवर घेऊन. शीतलला म्हणायची, "येत व्हता तवा ओ दिली न्हाई. आता मी ओ द्यायला बसले, तर येईना गं." त्या चपला तिनं पुन्हा घातल्या नाहीत. दाराशी आत ठेवलेल्या असायच्या, रोज पुसलेल्या.

दोन हजार आठ साली ती अंथरुणाला खिळली. उन्हाळ्याच्या तोंडावर, भरदुपारी, घरातली सगळी उशाशी बसली होती. कालवा तिथून लांब. दार लोटलेलं.

बाहेरून हाक आली.

"माय…"

दाराशीच.

कुणी हललं नाही. जळबानं प्रेमानंदचं मनगट धरलं. आणि या खेपेला जळबाचा चेहरा सांगत होता की त्यानंही ऐकलंय.

"माय…"

चांगुणाबाईनं डोळे उघडले. ओठांवर हसू होतं. तिनं हात किंचित वर केला, थांबा म्हणाल्यासारखा. प्रेमानंद सरांना वाटतं, ती तीन बोटं होती.

"माय."

तिसरी.

"ओऽऽ," ती म्हणाली. आणि गेली.

प्रेमानंदनं दार उघडलं. बाहेर ऊन रणरणत होतं, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पण आत दाराशी असायच्या त्या चपला उंबऱ्याबाहेर होत्या. ओल्या. टाचा घराकडं, अंगठे रस्त्याकडं.

माझ्या आईचाच नियम होता, सर मला म्हणाले. तिसरी हाक मारतं ते माणूसच. आता तुम्ही सांगा, मी पोरांना शाळेत काय शिकवू?

हे सगळं ऐकून मी निघालो. त्यानंतर महिन्याभरानं काही कामासाठी पुन्हा कुरुंद्याला गेलो. दुपारची वेळ होती. सरांच्या दाराशी उभा राहून मी हाक मारली. एकच.

"प्रेमानंद सर…"

आतून लगेच आवाज आला. म्हाताऱ्या बाईचा.

"ओऽऽ! आले रे, आले!"

दार उघडलं ते सरांनी. घरात एकटेच होते. शीतलताई माहेरी, जळबाबाबा रानात. माझ्या चेहऱ्याकडं बघून त्यांनी मान खाली घातली.

भीती वाटली का? वाटली. अजूनही त्या गल्लीतून दुपारचा जात नाही मी. पण रात्री पडल्या पडल्या आठवते ती भीती नाही. आठवतो तो आवाज. पहिल्याच हाकेला दिलेला… आणि त्या आवाजाला लागलेली धाप. कुणीतरी फार लांबून, जीव खाऊन पळत आल्यासारखी.